वाहत्या पाण्याची कॉफी

भावोजींच्या कॉफीला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. तसे ते काही तापट नव्हते. उलट इतक्या प्रेमानं कप हातात द्यायचे, की पिणाऱ्याला ‘वा’ म्हणण्यावाचून गत्यंतरच उरत नसे. दरवर्षी एकदा ते, ताई आणि धाकटी असे तिघंजण गाडीत तंबू टाकून डोंगरात जायचे, आणि तिथे पोचल्यावर गाडीतून सगळ्यात आधी उतरायची ती कॉफीची पेटी. लाकडी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकलेली. आत हातानं फिरवायची चक्की, बियांचा डबा, बुडाशी काळी पडलेली किटली आणि टवके उडालेले तीन मग. या पेटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असं कुणी म्हटलेलं नव्हतं. पण लावत कुणी नसे.

भावोजी बिया पिठासारख्या बारीक दळत. किटलीत पाणी आणि ती पूड एकदमच टाकत, आणि चांगल्या दोनतीन उकळ्या फुटून किटलीचं झाकण थडथडायला लागेपर्यंत ती आचेवरून हलवत नसत. “कॉफी कशी, अंगावर आली पाहिजे,” असं त्यांचं म्हणणं. ती यायचीच. एका घोटात जीभ कोरडी पडायची आणि दातांत गाळ करकरायचा. ताई आपला मग घेऊन “जरा पाय मोकळे करून येते” म्हणत झाडांकडे जायची आणि रिकामा मग घेऊन परत यायची. धाकटी मात्र समोर बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

धाकटी म्हणजे ताईची धाकटी बहीण. कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले तरी दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा तिला धाकटीच म्हणत. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ती कॉलेजात होती. ताई-भावोजींनी तिला आपल्याकडे आणलं. भावोजींचं चष्म्याचं दुकान होतं. दुकानाच्या डोक्यावर एक खोली होती, ती तिला दिली. तिचं शिक्षण पुरं केलं, मग तिला कामाला लावलं. भावोजी पुढे काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवत आणि गप्पा मारत. धाकटी मागच्या खोलीत यंत्रावर काचा कापायची, कडा घासायची, फ्रेमला बसवायची. तिनं बसवलेली काच कधी सैल झाली नाही.

भावोजी तिला कशाला ‘नाही’ म्हणत नसत, हीच खरी पंचाईत होती. तिला गाडी चालवायला शिकायचं होतं, तर ते म्हणाले, “तुला कशाला गं ती दगदग? मी आहे की सोडायला.” मैत्रिणींबरोबर चार दिवस कुठेतरी जायचं ठरवलं, तर त्यांनी नेमक्या त्याच दिवसांत सहलीचा बेत आखला आणि म्हणाले, “खास तुझ्यासाठी ठरवलंय.” त्यांनी एकदा तरी आवाज चढवला असता तर तिला भांडता आलं असतं. माया करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या वर्षी मात्र तिनं एक गोष्ट गुपचूप केली. दुसऱ्या शहरात चष्म्याचं काम शिकवणारी एक संस्था होती. तिथे शिकवायला माणूस हवा होता. तिनं अर्ज केला, सुट्टीच्या दिवशी बसनं जाऊन मुलाखत दिली. तिथल्या बाईंनी तिच्या हातून दोन काचा बसवून घेतल्या, बोट फिरवून कडा पाहिल्या आणि “थोड्याच दिवसांत कळवतो” असं हसून म्हणाल्या. ते हसणं घेऊन धाकटी परत आली. आता भावोजींना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. काही दिवसांनी तिनं ताईला सांगितलं.

ताई बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, “दुकानात नको सांगूस. डोंगरात गेल्यावर सांग. तिथे त्यांचा मूड चांगला असतो.”

म्हणून यंदा ती डोंगरात गेली ते हे सांगायचं ठरवूनच.

जागा नेहमीचीच होती. कच्चा रस्ता संपतो तिथे गाडी उभी करायची, पुढे थोडी मोकळी जमीन, आणि तिच्या खालच्या अंगाला मोठमोठ्या धोंड्यांमधून वाहणारा ओढा. दोन्ही बाजूंना उंच कडे. पोचले त्या संध्याकाळी तंबूची दोरी ओढता ओढता धाकटी म्हणाली, “भावोजी, मला जरा बोलायचं होतं.”

“बोल की. आधी ती खुंटी धर.”

खुंटी झाली, मग दुसरी खुंटी झाली, मग शेगडी पेटेना, मग जेवण, आणि मग भावोजींनी मोठी जांभई दिली. दुकानातही असंच व्हायचं. तिनं तोंड उघडलं की त्यांना नेमकं उठावं लागायचं. कधी गिऱ्हाईक यायचं, कधी फोन वाजायचा, कधी पुढच्या काचेवर धूळ दिसायची.

सकाळी भावोजी डबडं घेऊन पाण्याला निघाले. गाडीत पाण्याचा भरलेला कॅन होता. ताईनं तसं म्हटलंही.

“कॅनचं पाणी म्हणजे मेलेलं पाणी,” भावोजी म्हणाले. “कॉफीला वाहतं पाणी लागतं.”

थोड्या वेळानं खालून धोंडा सरकल्याचा आवाज आला. त्यामागून ओरडणं नाही, काही नाही. मग अगदी शांतपणे भावोजींची हाक आली, “अगं, जरा खाली या दोघी.”

ते ओढ्यात एका खडकावर बसले होते. वरून पाण्याची बारीक धार पडत होती. तिच्याखाली डबडं नीट बसावं म्हणून त्यांनी एक दगड उचकटला होता, आणि त्या दगडाच्या आधारानं थांबलेला मोठा धोंडा घसरून खाली आला होता. त्यांचा उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत धोंडा आणि खडक यांच्या बेचक्यात गेला होता. पाणी जेमतेम पोटरीएवढं होतं, पण बर्फासारखं गार.

“दगडाखाली हात सापडतो म्हणतात,” भावोजी म्हणाले. “माझा पाय सापडला.” आपल्या विनोदावर ते एकटेच हसले.

दोघींनी धोंड्याला खांदे लावले. तो जागचा हलला नाही. धाकटीनं तंबूचा लोखंडी खांब काढून आणला आणि फटीत घालून जोर लावला. खांब वाकला. पाय ओढून पाहिला, तर भावोजींच्या तोंडून असा आवाज निघाला की पुन्हा ओढायची कुणाची हिंमत झाली नाही. भावोजींच्या मोबाइलला रेंज नव्हती. ती तिथे कधीच नसायची, आणि भावोजींना ती जागा त्याचसाठी आवडायची.

ताईला गाडी येत होती. भावोजींनी लग्नानंतर हौसेनं शिकवली होती, पण ती चालवायची क्वचित, आणि डोंगरातून तर कधीच नाही. येताना वाटेत वनखात्याची चौकी लागली होती. तिथवर जायचं आणि माणसं घेऊन यायचं. दुसरा मार्ग नव्हता.

“मी थांबते,” धाकटी म्हणाली. थांबण्याशिवाय तिला दुसरं येतच काय होतं?

ताईनं तिचा हात घट्ट धरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बोलली नाही. वर जाऊन गाडी सुरू केली. दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. आवाज वळणाआड गेल्यावर धाकटी आणि भावोजी यांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

“जॅक,” भावोजी म्हणाले.

“गाडीत,” धाकटी म्हणाली.

तो गेला होता.

तिनं तंबूतली पांघरुणं आणून भावोजींच्या खांद्यांभोवती गुंडाळली. अंग कोरडं होतं, पण पाय पाण्यात, आणि कड्यांमुळे ओढ्यात अजून ऊन उतरलं नव्हतं. उतरायला बराच अवकाश होता. ते आधी हवापाण्याबद्दल बोलले, मग दुकानाच्या पाटीला रंग द्यायचा आहे त्याबद्दल बोलले. बोलता बोलता त्यांचे दात एकमेकांवर आपटायला लागले.

“कॉफी कर,” ते म्हणाले. “पेटी उघड. मी सांगतो तसं कर. बारीक दळ. अगदी पीठ झालं पाहिजे.”

धाकटी वर आली. तंबूशेजारी गॅसची छोटी शेगडी होती. एका मोठ्या खडकामुळे खालून वरचं काही दिसत नव्हतं. फक्त आवाज येत होता. तिनं पेटी उघडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती चक्की हातात घेतली आणि पाहिलं, की पात्यांमधलं अंतर कमीजास्त करायचा स्क्रू तिला आहे. तो शेवटपर्यंत आवळलेला होता.

ती तो स्क्रू बघत बसली.

आपल्या खोलीत ती रोज सकाळी स्वतःपुरती कॉफी करायची. एक साधं पातेलं, एक मग. कशी करायची ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. बिघडवत बिघडवत जमलं होतं. दुकान उघडायच्या आधीचा तो वेळ दिवसभरात तिचा एकटीचा असायचा. त्याबद्दल ती खाली कधी बोलली नव्हती.

“दळतेस का?” खालून आवाज आला.

“दळतेय.”

तिनं स्क्रू सैल केला. भरड दळलं, जाड रव्यासारखं. किटलीत कॅनमधलंच पाणी घेऊन उकळलं, मग किटली खाली उतरवून ठेवली. पाण्याचा खळखळाट शांत होऊ दिला. पूड टाकली, चमच्यानं एकदा ढवळलं, झाकण लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

“उकळी आली का?”

“आली.”

“अजून येऊ दे. चांगली येऊ दे.”

ती उत्तर न देता बसून राहिली. झाकण उघडलं तेव्हा वर पुडीची साय धरली होती. तिनं ती हलकेच मोडली, वरून गार पाण्याचा शिंतोडा मारला, तशी पूड सावकाश तळाला गेली. मग किटली हळूच कलती करून, गाळाला धक्का न लावता तिनं मग भरला. भावोजी कॉफीत साखर घालणाऱ्यांची टिंगल करायचे. तिनं तीन चमचे साखर घातली, कारण ते थंडीनं काकडले होते आणि साखरेची त्यांना गरज होती.

भावोजींनी दोन्ही हातांनी मग धरला. हात इतके थरथरत होते की तिला खालून आधार द्यावा लागला. त्यांनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला.

“ही माझ्यासारखी झाली नाही.”

“नाही.”

त्यांनी आणखी एक घोट घेतला आणि मगात वाकून बघितलं. “हा वास मला माहीत आहे. सकाळी शटर उघडताना जिन्यात येतो. मला वाटायचं, शेजारच्या बेकरीतून येतो. मी त्या बेकरीवाल्याला दोनदा म्हणालोसुद्धा, की तुझ्याकडे कॉफी चांगली मिळत असणार.”

“तो काय म्हणाला?”

“म्हणाला, आम्ही चहासुद्धा ठेवत नाही.” भावोजींनी मग रिकामा केला. “मग इतकी वर्षं माझी का पीत होतीस?”

“तुम्ही देत होता म्हणून.”

धाकटी मग घेऊन उठायला लागली आणि तिच्या मनात आलं: आज यांना उठता येणार नाही. गिऱ्हाईक येणार नाही, फोन वाजणार नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली. अडकलेल्या माणसाला असं गाठावं का? पण आज नाही बोलले तर पुन्हा कधी बोलणार नाही, हेही तिला तितकंच स्पष्ट दिसत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. ती पुन्हा खडकावर बसली.

“भावोजी, मी दुसरीकडे नोकरी धरतेय. शिकवायची. त्यांचं उत्तर आलं की मी जाणार.”

ओढ्याचा आवाज अचानक मोठा झाल्यासारखा वाटला. भावोजी तिच्याकडे बघत नव्हते. ते पाण्यातल्या आपल्या पायाकडे बघत होते.

“त्यांचं उत्तर येणार नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“फोन आला होता. दुकानातल्या फोनवर. तू मागे यंत्रावर होतीस. बाई होत्या कुणीतरी. तुमच्याकडे काम करतात ना, कशा आहेत, विचारत होत्या. मी म्हटलं, असा हात तुम्हाला शोधून सापडणार नाही.” ते थांबले. “खरंच तसं म्हटलं. आणि मग म्हटलं, पण ती यायची नाही. घरच्या अडचणी आहेत. तिचा विचार बदललाय.”

धाकटीला वाटलं होतं ते चिडतील, समजावतील, हसण्यावारी नेतील. या सगळ्याची तिनं मनात तयारी केली होती. एवढा धीर करून ती दारापर्यंत चालत आली होती, आणि दार तर आधीच बाहेरून बंद होतं.

“दुकानासाठी?” तिनं विचारलं.

“दुकान चालेल गं. काचा बाहेरून करून घेता येतात.” त्यांचे ओठ निळसर पडले होते. “तू गेलीस तर घरात मी आणि तुझी ताई. आम्ही एकमेकांशी कधी बोलतो, तू ऐकलंयस? ‘धाकटे, ताईला सांग जेवायला वाढ.’ ‘धाकटे, त्यांना विचार भाजीत मीठ आहे का.’ आम्ही तुझ्यातूनच बोलतो. तू नसलीस तर काय बोलायचं, हे मला माहीत नाही. तिलाही माहीत नसेल.”

धाकटी उठली. रिकामा मग तिनं खडकावर ठेवला नाही, टाकलाही नाही. हातात तसाच धरून ती वर निघून गेली.

तंबूपाशी येऊन ती बसली. तिथून तिला कच्चा रस्ता दिसत होता. त्या रस्त्यानं चालत निघावं, चौकी ओलांडून मोठ्या रस्त्याला लागावं आणि मिळेल त्या बसमध्ये चढावं, असं तिनं मनात सगळं करून पाहिलं. पाय जागचे हलले नाहीत. तिला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, पण धोंडा आपल्याही पायावर आहे आणि तो आपण इतकी वर्षं उबदार पांघरूण समजत होतो, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिला संतापानं रडू फुटलं. माझ्या वतीनं बोलायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? तिनं हे मोठ्यानं म्हटलं. खाली ऐकू गेलं असेल तर जावो.

“धाकटे,” खालून हाक आली.

ती गेली नाही.

“धाकटे, ऐकतेस का.”

ती गेली नाही. आज प्रथमच ती हाकेला गेली नाही, आणि त्यात सुख आहे हे तिला कळलं. तसं कळल्याची भीतीही वाटली. तिनं किटलीत उरलेली कॉफी आपल्यासाठी ओतून घेतली. कोमट झाली होती, पण चांगली होती. तिनं ती सावकाश प्यायली.

मग खालून काही ऐकू येईना. ती कान देऊन बसली. नुसतं पाणी. तिनं हाक मारली, “भावोजी?” उत्तर आलं, पण त्यात शब्द नीट नव्हते, झोपेत बोलावं तसं काहीतरी पुटपुटणं होतं.

ती धावतच खाली उतरली. भावोजींची मान छातीवर पडली होती. पांघरुणाची एक बाजू घसरून पाण्यात भिजली होती. थरथर थांबली होती, आणि थांबायला नको होती, एवढं तिला कळत होतं. तिनं ओलं पांघरूण काढून टाकलं, आपलं जाकीट त्यांच्या अंगावर चढवलं. “डोळे उघडा,” ती म्हणाली. “भावोजी, माझ्याशी बोला.” ते “हूं” म्हणाले. ती पुन्हा वर पळाली, पाणी उकळलं, या वेळी कॉफीची वाट बघायला वेळ नव्हता म्हणून नुसतं साखरेचं गरम पाणी केलं, बाटलीत भरून त्यांच्या छातीशी धरलं, थोडं मगातून पाजलं. मग चप्पल काढून ती पाण्यात उतरली, त्यांच्या मागे खडकावर बसली आणि त्यांच्या पाठीला पाठ लावली. कोरडं पांघरूण दोघांभोवती ओढून घेतलं.

गार पाण्यानं तिचे पाय आधी दुखले, मग बधिर झाले. तिला आता जाता येत नव्हतं. राग मात्र तसाच होता, कुठे गेला नव्हता. तो मनात ठेवूनच ती पाठीची ऊब त्यांना देत होती.

“बोलत राहा,” ती म्हणाली.

“काय बोलू?”

“काहीही. ताईला पहिल्यांदा बघितलंत तेव्हाचं सांगा.”

जड जिभेनं ते म्हणाले, “चष्मा करायला आली होती. तिला नंबर नव्हताच. वाचता येत होतं सगळं. मी म्हटलं, तुम्हाला चष्म्याची गरज नाही. ती म्हणाली, मग मी रोज कशाच्या निमित्तानं येऊ?”

धाकटीला हे माहीत नव्हतं. ताई असं काही बोलू शकते, हेच तिला माहीत नव्हतं.

“हे तिला आठवतं का, विचारलंत कधी?”

“नाही.”

“मी विचारणार नाही,” धाकटी म्हणाली. “तुम्ही विचारा.”

ऊन कड्यावरून खाली सरकत होतं. ते ओढ्याच्या पलीकडच्या काठाला आलं, मग पाण्यावर आलं. त्यांच्यापर्यंत यायच्या आधीच वरून गाडीचा आवाज आला, आणि तिच्यामागे दुसऱ्या गाडीचा. चौकीतली तगडी माणसं पहारी आणि दोरखंड घेऊन उतरली. त्यांनी पहारी फटीत घातल्या, एकानं एक-दोन-तीन म्हटलं, आणि जो धोंडा सकाळपासून पहाडासारखा बसला होता तो एका बाजूला कलंडला. इतकं सोपं निघाल्याचा धाकटीला राग आला.

घोट्याची दोन हाडं मोडली होती. खालच्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बसवला, प्लॅस्टर घातलं आणि दोन दिवस ठेवून घेतलं. पाय वाचला, डॉक्टर म्हणाले. पण कितीतरी आठवडे टेकवायचा नाही.

भावोजींना खोलीत आणून झोपवल्यावर धाकटी दवाखान्याच्या दारातल्या फोनपाशी गेली. संस्थेतल्या बाईंचा नंबर तिला पाठ होता. बाईंनी तिचा आवाज ओळखला.

“तुमचे मालक म्हणाले, तुम्ही येणार नाही.”

“ते माझे मालक नाहीत,” धाकटी म्हणाली. “माझ्या बहिणीचे यजमान आहेत. त्यांनी मला न विचारता सांगितलं. जागा अजून असेल तर मी येतेय.”

दुसऱ्या एकाला बोलावलंय, बाई म्हणाल्या, पण त्याचं नक्की झालेलं नाही. पुढच्या सोमवारी सकाळी समोर उभ्या राहिलात तर जागा तुमची. धाकटीनं फोन ठेवला तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिचे पाय अजून गारच आहेत.

ताई खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. धाकटी तिच्याशेजारी बसली आणि सगळं सांगितलं. फोनचं, भावोजींनी काय केलं त्याचं, आणि सोमवारचं. ताई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य यायला हवं होतं. ते येईना.

“तुला माहीत होतं,” धाकटी म्हणाली.

“त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं.”

“आणि तरी मला म्हणालीस, डोंगरात सांग.”

ताई समोरच्या भिंतीकडे बघत होती. “मला वाटलं, तू सांगशील, तिथून काही उत्तर येणार नाही, तू थोडे दिवस रडशील, आणि मग सगळं पहिल्यासारखं होईल. मला तू जायला नको होतीस. त्यांना वाईट ठरवून मी चांगली राहणार होते.” ती थांबली. “सकाळी गाडीत बसायच्या आधी सांगणार होते. जमलं नाही.”

धाकटीला वाटलं होतं, धोंडा एका जागी आहे. आता कुठे कुठे आहे कोण जाणे. ताईचा हात बाकावर तिच्या हाताजवळ होता. तिनं तो धरला नाही आणि आपला बाजूलाही घेतला नाही.

“सोमवारी मी जाणार,” ती म्हणाली.

“आणि यांचं? हे उठू शकत नाहीत. दुकान, घर, सगळं...”

“ते तुम्ही दोघं बघा.”

“मी त्यांना काय सांगू?”

“मला नको विचारूस, ताई. ते आत आहेत, जागे आहेत. त्यांना विचार.”

ताई उठून, केस नीट करून आत गेली. दार तिच्यामागे अर्धवट लागलं. धाकटी उठून दारापाशी उभी राहिली. फटीतून ताई खुर्चीत बसलेली दिसत होती आणि पलंगावर प्लॅस्टरातला पाय. दोघंही गप्प. खोलीत कुठेतरी नळ ठिबकत होता. ती शांतता धाकटीला ओळखीची होती. जेवताना, गाडीत, दुकान बंद करताना ती अशीच पसरायची, आणि मग धाकटी काहीतरी बोलून ती मोडायची. आताही तिच्या ओठांवर शब्द आले होते. पाणी हवंय का, खिडकी लावू का, असं काहीही. तिचा हात दाराच्या मुठीवर होता.

आत भावोजी काहीतरी म्हणाले. इतकं हळू, की ताईलाही ऐकू गेलं नाही. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, “काय म्हणालात?”

धाकटीनं मुठीवरचा हात काढला. एखाद्याला बुडताना टाकून निघावं तसं तिला वाटलं. मग ती जिना उतरून खाली गेली आणि चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला विचारलं, त्या दुसऱ्या शहराकडे जाणारी बस कुठून सुटते.